जुनं उभयचर विमान घेताय? या चुका टाळा

दोन इंजिनं, होडीसारखं पोट आणि पंखांखाली तरंगे दिसले की बघणारा छातीठोकपणे सांगतो, "ग्रुमन गूज!" अहो, आधी इंजिनं तर बघा. ग्रुमन कंपनीच्या 1937 च्या गूजला प्रॅट अँड व्हिटनीची गोल, 450 अश्वशक्तीची रेडियल इंजिनं. त्याच कंपनीच्या धाकट्या विमानाची, विजनची, मूळ रेंजर इंजिनं 200 अश्वशक्तीची, सिलिंडर एका रांगेत, म्हणून पुढून निमुळती. बऱ्याच विजनवर नंतर लायकमिंग कंपनीची इंजिनं बसवली गेली, तेव्हा इंजिनावरूनही चकायला होतं. मग चाकं बघा. या दोघांचं तिसरं चाक शेपटीखाली. नाकाखाली असेल तर ग्रुमनचंच मॅलार्ड किंवा अल्बॅट्रॉस.

दुसरी चूक खिसा रिकामा करणारी: रंगावर भाळणं. फ्लोरिडात एका गृहस्थांनी फोटो बघूनच विजनचा बयाणा देऊन टाकला आणि मग मला तपासायला बोलावलं. रंग आरशासारखा. मी केबिनमधली जमीन उचकटली. खाली पांढरी भुकटी साचलेली, स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर ठण्ण नाही, भद्द आवाज. दोन रिव्हेटची डोकी नखाने निघाली. खाऱ्या पाण्याने पत्रा आतून खाल्ला होता. गृहस्थ विचारतात, "वरून पॅच मारून चालेल ना?" या पॅचवाल्यांपुढे मी हात टेकलेत. माझा शिरस्ता असा: आधी जमीन उचकटायची, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पोटात शिरायचं, लॉगबुक नंतर. आणि समुद्रातून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, चाकांचे कप्पेसुद्धा.

पंखातून इंधन झिरपतंय? सीलंट फासून मोकळे होऊ नका. 2005 साली मायामीत 1947 च्या मॅलार्डचा पंख हवेतच तुटला, 20 माणसं गेली. कारण धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा. त्या पंखातून इंधन आधीपासून वारंवार गळत होतं.

पाण्यावर उतरताना चाकं खाली राहिली तर विमान नाकावर कोलांटी खातं. "पाणी, चाकं वर" हे मोठ्याने म्हणा, शेजारी कुणी नसलं तरी.

पोटातलं पाणी काढायला उघडलेली बुचं मी पिशवीत घालून थेट वैमानिकासमोरच्या कंट्रोलच्या चाकाला अडकवतो. खिशात ठेवणारे ती परत लावायला विसरतात.

आणि सुटे भाग "बघू नंतर" म्हणून घाई करू नका. गूज एकूण 345 च बनली. भाग कुठून मिळणार ते कळल्याशिवाय सही नको.