काटापट्टी सेव्ह होत नाही? सिक्वेन्सच्या या चुका टाळा

दिवाळी होते, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर लागतात आणि वजनकाट्यावरून हाक येते, 'भाऊ, पट्टी सेव्हच होऊन नाही राहिली!' स्क्रीनवर 'डुप्लिकेट की', म्हणजे हा आयडी टेबलात आधीच आहे.

बहुतेक वेळा कारण एकच. मागच्या हंगामाच्या पट्ट्या एक्सेलमधून आयडीसकट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरलेल्या असतात. आयडी आपण दिला की सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा डेटाबेसचा काउंटर, जागचा हलत नाही. टेबलात ४,३१२ पट्ट्या, सिक्वेन्स मात्र १ वरच.

मग जो तो सेव्ह दाबत सुटतो. याचा मला मनापासून राग येतो. प्रत्येक फसलेल्या सेव्हला एक नंबर खर्च होतो. जुनी ७ नंबरची पट्टी कधी डिलीट झाली असेल, तर सातव्यांदा सेव्ह होतेसुद्धा. 'झालं' म्हणून ट्रॉली आत घेतात, नवी पट्टी जुन्या नंबरावर बसते आणि पुढची गाडी ८ वर अडते.

आधी नोंदी थांबवा. सिक्वेन्सचं नाव अंदाजाने टाकू नका, 'पीजी गेट सीरियल सिक्वेन्स' फंक्शनला विचारा. मग टेबलातला सर्वांत मोठा आयडी काढा, त्यात १ मिळवा आणि तो आकडा सिक्वेन्स हलवणाऱ्या 'सेटव्हॅल'ला द्या, तिसरा आर्ग्युमेंट 'फॉल्स' ठेवून. म्हणजे पुढची पट्टी नेमकी त्याच आकड्यावर निघते. टेबल रिकामं असलं तर मॅक्स (सर्वांत मोठा आयडी) 'नल', म्हणजे काहीच नाही, असा येतो आणि सेटव्हॅल काही न बोलता काहीच करत नाही, म्हणून 'कोअलेस'ने शून्य धरा. मी टेबल भरलेलं असलं तरी असंच लिहितो.

कोडमध्ये 'मॅक्स अधिक १' करून आयडी काढू नका. दोन काटे एकाच वेळी चालले की दोघांना एकच नंबर मिळतो. टेबल रिकामं करणाऱ्या 'ट्रंकेट'ने सिक्वेन्स १ वर येत नाही, 'रीस्टार्ट आयडेंटिटी' लिहावं लागतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी टेबलांत मोठा आयडी हाताने दिला तर काउंटर आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे तिकडची सवय इथे नडते.

दुसरी मोठी चूक म्हणजे आयडीच पट्टी नंबर म्हणून छापणं. रोलबॅक झाला, म्हणजे नोंद अर्ध्यातून रद्द झाली, तरी सिक्वेन्स मागे येत नाही, नंबर गळणारच. मग ऑडिटर विचारतो, '१०५२ कुठे गेली?' आणि घाईत कोणीतरी आयडी बदलून खाडे भरतो. आयडीला हात लावू नका. पट्टी नंबराचा कॉलम वेगळा ठेवा. हंगामागणिक काउंटरची एक ओळ ठेवा, ती 'फॉर अपडेट'ने लॉक करून १ ने वाढवा आणि पट्टी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. पट्टी फसली तर नंबरही मागे येतो. दुसऱ्या काट्याला तेवढा वेळ थांबावं लागेल, ते चालतं. हंगाम आणि पट्टी नंबर मिळून 'युनिक'ची अट लावायला विसरू नका.