दिल्ली ते टोकियो: विमानाचं अंतर आणि वेळ कसा काढायचा

आधी विमानतळ ठरवा, शहर नव्हे. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेडा शहराला लागूनच आहे, तर नारिता साधारण ६० किलोमीटर बाहेर. विमानाच्या वेळेत याने फारसा फरक पडत नाही, पण उतरल्यावर नारिताहून शहरात यायला तास सहज जातो. इथे हानेडा धरू.

आता दोन्हींचे अक्षांश-रेखांश दशांशात लिहा. दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. हानेडा: ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २८ अंश ३४ मिनिटं म्हणजे २८.३४ नव्हे, मिनिटांना ६० ने भागायचं, तेव्हा २८.५७ येतात.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, तेही बघा. कॉस ६० बरोबर ०.५ आलं की ठीक. उणे आकडा आला तर तो रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे. मग:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२७८.
२. दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतल्या फरकाचा (६२.६८) कॉस, तिन्हींचा गुणाकार: ०.३२८.
३. बेरीज ०.६०६. तिचा उलट कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ५२.७ अंश.
४. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५,८६० किलोमीटर.

हे झालं गोलावरचं सर्वांत कमी अंतर. विमान इतक्या सरळ जात नाही. ही रेषा हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जाते आणि पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटरच्या आसपास आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. खाली डोंगर असेल तर उतरायचं कुठे? म्हणून बांगलादेश, म्यानमार, चीनमधलं कुनमिंग असा दक्षिणेकडून वळसा घेतात. या मार्गाला ६,३०० किलोमीटर धरा. वाटेत असा अडथळा नसेल तिथे तीन ते पाच टक्के वाढ पुरते.

वेग ताशी ९०० किलोमीटर घ्या, पण वारा विसरू नका. जपानच्या दिशेने वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जाताना मागून ढकलतो. सरासरी १०० चा वारा धरला तर ६,३०० भागिले १,००० म्हणजे ६ तास १८ मिनिटं. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यांची ४० मिनिटं मिळवली की सात तास. येताना तोच वारा समोरून: ६,३०० भागिले ८००, अधिक ४० मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. हिवाळ्यात वारा १५० चा झाला तर नऊ. दोन्ही बाजूंना एकच वेळ सांगणाऱ्या वेबसाइटने वारा धरलेलाच नाही, असं खुशाल समजा.

राहिलं घड्याळ. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, बारा महिने. दिल्लीहून रात्री ८ ला निघालात तर पोचताना भारतात पहाटेचे ३, टोकियोत सकाळचे साडेसहा, आणि तारीख दुसरी. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी ३ नंतरच मिळते, तेव्हा सामान कुठे ठेवायचं ते आधीच विचारून घ्या. परतताना टोकियोहून सकाळी ११ ला सुटून नऊ तास उडालं तरी दिल्लीत दुपारचे साडेचारच वाजलेले असतात. पुढे मुंबई किंवा पुण्याचं विमान पकडायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टम्स दिल्लीतच होतात.