शुगर नॉर्मल, तरी तहान भागत नाही? आधी मोजा

शुगर नॉर्मल आली आणि तरीही दिवसरात्र पाणी आणि लघवी चालूच असेल, तर डॉक्टरांकडे आकडे घेऊन जा. ‘खूप होते’ म्हणून भागत नाही. आमच्या ह्यांचं पिट्युटरीचं (मेंदूखालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालं आणि हे दुखणं मागे लागलं (जुनं नाव ‘डायबेटिस इन्सिपिडस’, साखरेशी संबंध नाही), तेव्हापासून मोजमापाचं खातं माझ्याकडे.

पाच लिटरचा कॅन आणि खुणांचा मग आणा. सकाळची पहिली लघवी सोडून द्या, वेळ लिहा. पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची सकाळची धरून. मोठ्या माणसाची 3 लिटरच्या वर गेली, तर तपासण्या करायलाच हव्यात. ह्यांचा कॅन संध्याकाळीच काठोकाठ, आणि रंग म्हणाल तर नळाच्या पाण्यासारखा. प्यायलेलंही लिहा, चहा-ताकासकट.

मोजताना पाणी तोडू नका. ‘कमी पी, कमी होईल’ सांगणारे नातेवाईक येतील; त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. पाणी बंद ठेवून करायची तपासणी असते, पण ती दवाखान्यातच.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात आणि बहुतेक सगळं परत शोषतात. शेवटचं पाणी राखायचा हुकूम व्हेसोप्रेसिन हे हार्मोन देतं. ते मेंदूत तयार होतं, पिट्युटरीतून रक्तात येतं. ते कमी पडलं तर त्याच्यासारखंच काम करणारं औषध, डेस्मोप्रेसिन, देतात. व्हेसोप्रेसिन असूनही मूत्रपिंडं जुमानत नसतील (लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध बरीच वर्षं घेणाऱ्यांत हे दिसतं), तर उपचार वेगळे.

खरी सांभाळायची वेळ औषध सुरू झाल्यावर. आता पाणी अंगात टिकतं, पण तांब्या तोंडाला लावायची सवय जात नाही. तहान लागली तरच प्यायचं. नाहीतर रक्तातलं सोडियम 135 च्या खाली घसरतं. रोज सकाळी वजन करा. एका रात्रीत किलोभर वाढलं तर ते पाणीच. डोकं दुखणं, मळमळ, असंबद्ध बोलणं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन; फिट (आकडी) आली तर थेट दवाखाना. नाकातला स्प्रे असेल तर सर्दीत तो नीट लागू पडत नाही, तेव्हा काय करायचं ते आधीच विचारून ठेवा.

दुसऱ्या कशासाठी ॲडमिट व्हावं लागलं, तर फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा: ‘व्हेसोप्रेसिनची कमतरता, डेस्मोप्रेसिन चुकवू नये’. 2022 पासून डॉक्टरांनीही हेच नाव धरलंय, कारण जुन्या नावातलं ‘डायबेटिस’ वाचलं की वॉर्डात साखरच तपासत बसायचे.