छोट्या बोर्डिंग स्कूलमध्ये पहिल्यांदाच राहायला जाणाऱ्या शिक्षकांसाठी

छोट्या खाजगी बोर्डिंग स्कूलमध्ये नोकरी लागली की नवीन माणूस विचारतो ते पिरीयड किती, वर्ग कुठले, रूम कशी आहे. हे विचारावंच, पण त्याआधी संध्याकाळी चार ते रात्री दहा काय असतं ते विचारा, कारण खरी नोकरी तिथे आहे. शिकवणं तुम्हाला येतंच. पण ज्या मुलाला सकाळी गणितात शून्य मार्क दिले त्याच मुलाचा ताप रात्री अकराला मोजायचा, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्याच समोर बसून नाश्ता करायचा, हे कुठल्याही बीएडमध्ये कोणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं हाऊस पेरेंट म्हणून, म्हणजे वर्गाबाहेर मुलांची काळजी घेणारा मोठा माणूस म्हणून, मुलांच्या डॉर्मला, म्हणजे झोपायच्या सामायिक खोलीला, लागूनच राहतोय, त्यामुळे जे लिहितोय ते तिथलं आहे.

शंभर-सव्वाशे मुलं आणि वीस-पंचवीस मोठी माणसं असलेल्या शाळेत कोणाला कोणापासून लांब जाता येत नाही, ही एकच गोष्ट पक्की समजली की बाकीचं आपोआप समजत जातं. मोठ्या शाळेत एका मित्राशी फाटलं तर दुसरा ग्रुप मिळतो, इथे वर्गात मुलंच दहा-बारा, त्यातले दोघं बोलेनासे झाले की रात्रीच्या जेवणापर्यंत वर्गाची दोन टेबलं होतात, प्रेपला, म्हणजे संध्याकाळी सगळे एकत्र अभ्यासाला बसतात तेव्हा, कोणी कोणाला वही देत नाही, आणि त्यातला एक गोलकीपर असेल तर शनिवारची मॅचसुद्धा गेली. म्हणून माझ्या मते छोट्या शाळेत राहणाऱ्या शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे भांडण शिळं होऊ न देणं. अभ्यास, शिस्त, कार्यक्रम, सगळं त्याच्यानंतर.

एक उदाहरण सांगतो. सातवीतल्या दोघांचं खिडकीजवळच्या बेडवरून वाजलं, एकाने दुसऱ्याची गादी उचलून दुसरीकडे टाकली, शिव्या झाल्या, मग अबोला. ऑफिसमध्ये समोरासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावलं असतं तर दोघंही म्हणाले असते आणि डॉर्ममध्ये जाऊन परत तेच. मी त्यांना लाँड्रीच्या खोलीत नेलं, धुऊन आलेल्या मोज्यांचा ढीग समोर होता, प्रत्येक मोज्यावर मुलाचा नंबर शिवलेला असतो, त्या नंबरांच्या जोड्या लावायला बसवलं आणि मीपण बसलो. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एकाने न बघताच दुसऱ्याकडे मोजा सरकवला, हा तुझ्याकडच्या चव्वेचाळीसचा आहे म्हणाला. थोड्या वेळाने दुसऱ्याने खालीच बघत सांगितलं की सर, त्या बेडवरून पॅसेजचा लाईट दिसतो, माझ्या बेडवरून पूर्ण काळोख असतो. म्हणजे भांडण बेडचं नव्हतंच, ते काळोखाचं होतं, आणि तेरा वर्षाच्या मुलाला ते दहा जणांसमोर सांगता येत नाही. डॉर्मची देखभाल बघणाऱ्या मेट्रनताईंनी त्याच रात्री त्याच्या बाजूच्या प्लगला एक छोटा नाईट लॅम्प लावून दिला, कोणाला कारण सांगितलं नाही, आणि बेड होते तिथेच राहिले.

मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, हातात काहीतरी काम असताना शेजारी बसून बोलतात. वाढायला उभं राहताना, नाटकाचा पडदा बांधताना, मॅचहून परत येताना बसमध्ये. तुमची ड्युटी नसतानाही अशा ठिकाणी असा.

छोटेपणाचा मोठा फायदा म्हणजे इथे प्रत्येक मूल लागतंच. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या छोट्या-मोठ्या हायस्कूलांचा अभ्यास करून 1964 साली तो प्रसिद्ध केला, त्यात दिसलं ते असं की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात पण बरीच मुलं प्रेक्षकात बसतात, छोट्या शाळेत उपक्रम कमी पण प्रत्येक मुलावर जबाबदारीचं काम जास्त वेळा येतं. आमच्याकडे हे रोज दिसतं, नाटकाला माणसं कमी पडतात म्हणून ज्याच्या तोंडून वर्गात शब्द निघत नाही त्यालापण रोल घ्यावा लागतो, आणि दोन वर्षांनी तोच असेंब्ली चालवत असतो. पण याची दुसरी बाजू नवीन शिक्षकाने लक्षात ठेवावी, सगळीकडे लागणारं मूल दमतं. तीच पाच-सहा हौशी मुलं टीममध्ये, गाण्यात, प्रीफेक्ट (मुलांचा प्रमुख) म्हणून, सगळीकडे असतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात, त्याहून लहानांना नऊ ते बारा. प्रॅक्टिस लाइट्स आऊटच्या, म्हणजे दिवे बंद करून झोपायच्या वेळेच्या, पलीकडे जायला लागली की ती थांबवणं तुमचं काम, भले उद्या स्पर्धा असो.

घरच्या आठवणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण नवीन लोक यालाच घाबरतात. नवीन मूल दिवसा ठीक असतं, वर्ग, खेळ, गडबड. अवघड वेळ म्हणजे खेळ संपून प्रेप सुरू होईपर्यंतचा रिकामा वेळ, लाइट्स आऊटनंतरचा अर्धा तास, आणि रविवारची दुपार. घरी फोन झाल्यावर तर हमखास. म्हणून फोनची वेळ झोपायच्या तोंडावर ठेवू नका, फोननंतर लगेच काहीतरी हालचालीचं ठेवा. रडणाऱ्या मुलाला रडू नकोस म्हणू नका, आठवण येणारच, घर आवडतं म्हणून येते, असं सरळ सांगा आणि जवळ बसा. आणि 'नाही आवडलं तर आईबाबा घेऊन जातील' असं आश्वासन तुम्हीही देऊ नका आणि पालकांनाही देऊ देऊ नका, मग ते मूल रमायचा प्रयत्नच करत नाही, फक्त दिवस मोजतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, पहिल्या सुट्टीवरून आल्यावर पुन्हा एकदा उसळतं, ते धरूनच चाला. पण एखादं मूल जेवत नसेल, झोपत नसेल, सारखं पोट दुखतंय म्हणून सिक बेमध्ये, म्हणजे शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत, जात असेल आणि दिवस जातील तसं वाढतच असेल, तर ती नुसती आठवण नाही, कौन्सेलरला आणि घरी कळवायलाच हवं.

आता जे कोणी बोलत नाही ते. इथे मूल तुमच्यावर फार विश्वास टाकतं, कधी म्हणेल सर कोणाला सांगणार नाही असं प्रॉमिस करा मगच सांगतो. असं प्रॉमिस द्यायचं नाही, कधीच नाही. मी आधीच सांगतो की तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन. एवढं ऐकूनही जवळजवळ सगळी मुलं बोलतात. मग ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दात लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी शाळेत जे कोणी बालसुरक्षेला जबाबदार आहेत त्यांच्याकडे द्यायचं. छोट्या शाळेत ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो तुमचा शेजारी असू शकतो, रोज संध्याकाळी ज्याच्यासोबत चहा पिता तोच, म्हणून तर हा नियम मनाच्या मोठेपणावर सोडून चालत नाही. मुलाशी एकट्याने बोलताना दार उघडं ठेवा, डॉर्ममध्ये शिरताना टकटक करून आवाज देऊन शिरा. मुलांची ती एकुलती एक खाजगी जागा असते.

मुलांना निर्णयात किती घ्यायचं हा प्रत्येक शाळेचा वेगळा मामला. इंग्लंडमधल्या समरहिलमध्ये, जी ए. एस. नील यांनी 1921 मध्ये सुरू केली, शाळेच्या सभेत सगळ्यात लहान मुलाचं आणि मोठ्यांचं मत सारखंच मोजतात. सगळ्या शाळा तिथपर्यंत जात नाहीत आणि जायलाच हवं असंही मी म्हणत नाही, पण हाऊस मीटिंग दर आठवड्याला होतेच होते अशी शिस्त हवी, आणि मुलांनी मागितलेल्या गोष्टीला पुढच्या मीटिंगमध्ये हो किंवा नाही असं उत्तर मिळायलाच हवं. बाथरूमचा नंबर कसा लावायचा यावर आमच्याकडे तीन मीटिंग चालल्या, शेवटी मुलांनीच केलेला तक्ता लागला आणि तो पाळला गेला, मोठ्यांनी लावलेले आधीचे तक्ते कधी पाळले गेले नव्हते.

स्टाफबद्दल थोडक्यात. तुमचे सहकारी हेच शेजारी, हेच मित्र, आणि कधीकधी ज्यांच्या मुलांना तुम्ही शिकवता तेही हेच. मेसमध्ये मुलांविषयी बोलू नका, मागच्या टेबलावर कोणीतरी ऐकतंच. रोस्टरवरून वाद झाला तर हेडकडे जाण्याआधी त्याच माणसाशी बोला, आणि रात्र उलटायच्या आत बोला, मुलांना जे सांगतो ते आपल्यालाही लागू आहे. सुट्टीच्या दिवशी कॅम्पसच्या बाहेर पडा. खोलीत पडून राहिलात तर दारावर टकटक होणारच, चावी हरवली, चेन अडकली, अमुक रडतोय, आणि तुम्ही उठणारच. नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर त्यांना एकदा आधी आणून दाखवा, त्यांना काम नसताना तिथे राहणं तुमच्यापेक्षा जड जातं.

म्हणून इंटरव्ह्यूला जाल तेव्हा आठवड्याला रात्रीच्या ड्युट्या किती, आजारी पडलो तर माझ्या जागी कोण, पूर्ण सुट्टीचा दिवस लेखी आहे का, बालसुरक्षेची जबाबदारी कोणाकडे, हे विचाराच. एक रात्र राहू देता का तेही विचारा, आणि राहिलात तर प्रेपपासून लाइट्स आऊटपर्यंत डॉर्मजवळ थांबा. मोठी मुलं लहानांशी कशी बोलतात आणि ड्युटीवरच्या शिक्षकाला बघून मुलं जवळ येतात की पांगतात, एवढं बघितलंत तरी नोकरी घ्यायची की नाही ते तुम्हाला त्या रात्रीच कळेल.