हॅम-घेरकिनचे गार रोल, गच्चीवरच्या पार्टीसाठी

आमच्या कोल्हापुरात पार्टी म्हटलं की तांबडा-पांढरा ठरलेलाच, पण पंगत बसायच्या आधी हातात काहीतरी गार, आंबट-खारट पाहिजे असेल तर हॅमच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ कापात चीज आणि लोणच्याची काकडी गुंडाळलेले हे रोल लय भारी लागतात, आणि गॅस पेटवायचं कामच नाही. अमेरिकेत मिनेसोटाकडं हे घरोघरी करतात, जपानी सुशीसारखे (भाताचे गार गोल तुकडे) दिसतात म्हणून गमतीनं ह्याला मिनेसोटा सुशी म्हणतात.

लोणचं म्हणजे आपलं कैरीचं तेलातलं नव्हे बरं का, व्हिनेगरमधली बारकी काकडी, बाटलीवर घेरकिन लिहिलेलं असतं. हॅमचे १० स्लाइस (शिजवलेलंच घ्या, पाकिटावर वाचून बघा), १० घेरकिन आणि १५० ग्रॅम क्रीम चीज, एवढ्यात ४० तुकडे आरामात होतात. क्रीम चीज महाग पडतं म्हणून मी निम्मा चक्का घालते, बिनसाखरेचा, आणि तो परत तासभर फडक्यात बांधून टांगते, कारण ह्या पदार्थाचा खरा शत्रू पाणी हाय.

पहिल्यांदा भावाच्या वाढदिवसाला केले तेव्हा काकड्या बाटलीतनं काढल्या तशाच ठेवल्या, अर्ध्या तासात चीज घसरलं, हॅम सुटलं, ताटलीत नुसतं पाणी. तेव्हापासनं काकडी आणि हॅम दोन्ही टिश्यूवर पसरायचं, वरनं दुसरा टिश्यू दाबायचा, बोटाला ओल लागायची बंद झाली की मगच पुढं.

चीज बाहेर ठेवून मऊ करा, त्यात मिरपूड आणि चिमूटभरच कांदा-लसूण मसाला, मीठ अजिबात नको, हॅम आणि काकडी दोन्ही खारट असतात. स्लाइसवर चमचाभर चीज अगदी कडेपर्यंत लावा, कारण शेवटची कड चिकटायला तेच लागतं, मग काकडी एका टोकाला ठेवून घट्ट गुंडाळा, काकडी आखूड असली तर दोन जोडून लावा. डब्यात झाकून २ तास फ्रीजमध्ये.

कापताना पातळ धारेची सुरी, प्रत्येक कापाला पुसून घ्यायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे. बरोबर जमलं की मधी हिरवा ठिपका, भोवती पांढरं, बाहेर गुलाबी, आणि तुकडा ताटलीत उभा राहतो.

मे महिन्यात गच्चीवर सगळे एकदम मांडू नका, निम्मे फ्रीजमध्येच राहू देत, उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेले खायचे नाहीत. आणि डुकराचं मांस बरेच जण खात नाहीत तेव्हा पाहुण्यांना आधी विचारा, त्यांच्यासाठी चिकन हॅमचे करा पण सुरी, पाट, ताटली सगळं वेगळं.

बाटलीतलं उरलेलं आंबट पाणी ओतू नका, त्यात कांद्याच्या पातळ चकत्या घालून बाटली फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी मटणाच्या ताटाला घ्या.