खाऱ्या हवेत रेट्रो हँडहेल्ड: घेणं, लावणं आणि पावसाळ्यातून काढणं

स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की समजावं, हातात धरून जुने गेम खेळायच्या यंत्राच्या, म्हणजे हँडहेल्डच्या पोटातही तेच चाललंय. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, त्यामुळे ते त्याच्या बरंच आधी ओलं होतं. मालवण, वेंगुर्ले, हर्णे, गुहागर अशा वाऱ्याच्या तोंडावरच्या गावांत या मिठाची पुटं बटणांच्या फटीत, चार्जिंगच्या तोंडाशी आणि पंख्याच्या पात्यांवर बसतातच. म्हणून इथे अँड्रॉइड हँडहेल्ड घेताना कुठली चिप किती पळते हा दुसरा प्रश्न. यंत्र दोन पावसाळे काढेल का आणि ऐन वेळी वीज गेली तर खेळलेलं शिल्लक राहील का, हे दोन प्रश्न आधी.

घेताना काय बघावं

नव्वदच्या दशकातले टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम बहुतेक निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. तेवढंच खेळायचं असेल, वर गेम बॉय, सेगा, सुपर निन्टेंडो, तर आजची सगळ्यात स्वस्त चिपही पुरून उरते. युनिसॉक टी६१८ सारख्या चिपवर प्लेस्टेशन १ बिनघोर आणि पीएसपी (सोनीचं हातातलं कन्सोल) बहुतांशी दुप्पट रेझोल्यूशनला चालतो. प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब हवे असतील तरच स्नॅपड्रॅगन ८६५ च्या पातळीवर जा. रेट्रॉइड पॉकेट ५ मध्ये हीच चिप आहे, सोबत ८ जीबी रॅम, ५.५ इंची १०८०पी ॲमोलेड आणि ५००० एमएएच बॅटरी. पण त्यात पंखाही आहे, आणि पंखा म्हणजे बाहेरची खारी हवा थेट बोर्डावर. पंख्याचं यंत्र वाईट नाही, ते पुळणीवर न्यायचं नाही एवढंच. वाळूचा एक कण पात्यात गेला की खरखर कायमची.

स्टिक हॉल-इफेक्टच्या घ्या, यात तडजोड नको. जुन्या पद्धतीच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर काटा घासतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर ओल धरली की पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं. हॉल-इफेक्टमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत. मात्र चुंबकाचं झाकण असलेलं पाकीट अशा यंत्रावर ठेवू नका, मध्यबिंदू हलतो. हलला तर यंत्राच्या सेटिंग्जमधून कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करणारी जागा, ८ ते १० टक्के ठेवा.

पडद्याचं गणित सोपं आहे. गेम बॉयचं चित्र १६० बाय १४४ चं, त्याची पाचपट ८०० बाय ७२०, म्हणजे ७२०पी पडद्यावर उंची तंतोतंत भरते. गेम बॉय ॲडव्हान्स २४० बाय १६०, चौपट केली तर ६४० उंची, वरखाली थोडी काळी पट्टी. ती राहू द्या. 'इंटिजर स्केल', म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं, बंद करून चित्र ताणलं की काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात आणि पडदा सरकताना लाट आल्यासारखं वाटतं. ॲमोलेडवर उजेड ४०-५० टक्क्यांवर ठेवा आणि भडक रंगीत चौकटी लावू नका, त्यांचे डाग उमटतात.

ही यंत्रं बहुतेक परदेशातून मागवावी लागतात. कुरियरवाला केवायसीची कागदपत्रं मागतो आणि सीमाशुल्क वेगळं पडतं; किमतीत ते आधीच धरा. गावच्या पत्त्यापेक्षा मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाकडे मागवून येणाऱ्या चाकरमान्याबरोबर आणवणं बरं.

कार्ड आणि फाइली

यंत्रासोबत गेम भरलेलं मेमरी कार्ड आलं असेल तर ते वापरू नका. ही कार्डं हलक्या प्रतीची असतात आणि सहा महिन्यांत दगा देतात. चांगलं १२८ किंवा २५६ जीबीचं कार्ड घ्या आणि संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्राम चालवून त्याची क्षमता खरी आहे का ते तपासा. खोट्या कार्डावर २५६ लिहिलेलं असतं आणि आत ३२ निघतात. त्यापुढचं सगळं लिहिलं जातं पण वाचता येत नाही. फॉरमॅट एक्सफॅटच हवा, कारण फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि प्लेस्टेशन २ ची साधी एका थराची डीव्हीडीच ४.७ जीबीपर्यंत जाते. अँड्रॉइड विचारेल तेव्हा 'पोर्टेबल स्टोरेज' निवडा. 'इंटर्नल' निवडलंत तर कार्ड त्या यंत्रापुरतं कुलूपबंद होतं, यंत्र बिघडलं की कार्डावरचंही गेलं.

गेम तुमच्या स्वतःच्या कॅसेटवरून किंवा डिस्कवरून उतरवलेले असावेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) मध्ये प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला बॅकअपची मुभा आहे. कुठल्यातरी साइटवरून हजार गेमचा गठ्ठा उतरवण्याची नाही. बायोसही, म्हणजे कन्सोल सुरू करणारी त्याची मूळ प्रणाली, आपल्याच कन्सोलमधून काढायचा. प्लेस्टेशन १ ची बायोस फाइल ५१२ केबीची, प्लेस्टेशन २ ची ४ एमबीची. आकार वेगळा दिसला तर फाइल खराब आहे, सेटिंग्जशी झटापट करण्यात अर्थ नाही. पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या एमुलेटरला (एमुलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) बायोस लागतच नाही.

डिस्कचे गेम सीएचडी स्वरूपात दाबून ठेवा. मेम या आर्केड एमुलेटरबरोबर येणारा सीएचडीमॅन हे काम करतो: सीडीला 'क्रिएटसीडी', डीव्हीडीला 'क्रिएटडीव्हीडी'. 'बिन' आणि 'क्यू' अशी जोडी असेल तर त्याला 'क्यू' फाइल द्या. नुसती 'बिन' दिली की संगीताचे ट्रॅक गळतात आणि गेम मुका होतो. तीन-चार डिस्कचा गेम असेल तर सगळ्या सीएचडींची नावं एकाखाली एक लिहून एमथ्रीयू फाइल करा, म्हणजे डिस्क बदलली तरी मेमरी कार्ड एकच राहतं. गेमची अमेरिकन, म्हणजे ६० हर्ट्झची आवृत्ती असेल तर ती घ्या. युरोपीय पाल आवृत्ती ५० हर्ट्झची, बरेच गेम तिच्यात रेंगाळतात.

आर्केडच्या झिप फाइली उघडू नका. त्या एमुलेटरच्या आवृत्तीशी जुळाव्या लागतात. फायनलबर्न निओ या आर्केड एमुलेटरचा संच मेम २००३-प्लसला चालेलच असं नाही. निओ जिओच्या गेमशेजारी त्याच फोल्डरमध्ये 'निओजिओ' ही बायोसची झिपही लागते. काळा पडदा येतो त्याला कारण बहुतेक वेळा हेच.

रेट्रोआर्च लावताना सेव्हकडे आधी बघा

रेट्रोआर्च हे अनेक एमुलेटर एकत्र चालवणारं ॲप. त्याची ६४-बिट एआरएमची आवृत्ती टाका आणि कोअर, म्हणजे त्याच्या आतले एकेका कन्सोलचे एमुलेटर, एवढे पुरे: निन्टेंडोला एफसीईयूएमएम, सुपर निन्टेंडोला स्नेस९एक्स, गेम बॉय ॲडव्हान्सला एमजीबीए, सेगाला जेनेसिस प्लस जीएक्स, प्लेस्टेशन १ ला पीसीएसएक्स रीआर्म्ड. पन्नास कोअर उतरवून काही साधत नाही.

आता सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी गोष्ट. गेममध्ये तुम्ही 'सेव्ह' केलं, आवाजही आला, तरी रेट्रोआर्चने ते कार्डावर लिहिलेलं असेलच असं नाही. ते रॅममध्ये असतं आणि ऑटोसेव्ह बंद असेल तर गेम नीट बंद केल्यावरच एसआरएम फाइलमध्ये उतरतं. पॉवरचं बटण दाबून यंत्र झोपवलं, मधल्या वेळात अँड्रॉइडने रॅम मोकळी करायला ॲप मारलं, किंवा बॅटरी संपली, की तीन तासांचा खेळ गेला. उपाय एका सेटिंगचा आहे: सेटिंग्ज, मग सेव्हिंग, त्यात 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटर्व्हल' १० सेकंद करा. ते बंद नाही ना, हे एकदा बघून घ्या. शिवाय अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये रेट्रोआर्चला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

सेव्ह स्टेट ही वेगळी गोष्ट. ती त्या क्षणाचा ठसा असते आणि कोअर अद्ययावत केल्यावर उघडेलच असं नाही. 'ऑटो लोड स्टेट' चालू ठेवून गेममधलं सेव्हही वापरणं म्हणजे दोन होड्यांवर पाय: जुनी स्टेट उघडली की तिच्यातलं जुनं सेव्ह नव्यावर बसतं. लांब गेमला गेममधलंच सेव्ह वापरा. स्टेट ठेवा ती अवघड टप्प्यापुरती.

सेव्ह, स्टेट आणि बायोस या तिन्हींचे फोल्डर 'डिरेक्टरी' विभागातून कार्डावर नेऊन ठेवा. अँड्रॉइडच्या 'डेटा' फोल्डरमध्ये राहिलेल्या फाइली ॲप काढलं की पुसल्या जातात. एका गेमसाठी केलेला बदल सगळीकडे लागायला नको असेल तर क्विक मेन्यूतल्या 'ओव्हरराइड्स'मध्ये 'सेव्ह गेम ओव्हरराइड्स' करा. मुख्य कॉन्फिगरेशन जतन करून बसलात तर एक गेम सुधारताना दहा बिघडतात.

पीएसपीसाठी वेगळं पीपीएसएसपीपी टाका, चित्र रंगवायच्या पद्धतींत (बॅकएंड) व्हल्कन निवडा, टी६१८ वर दुप्पट आणि ८६५ वर तिप्पट रेझोल्यूशन. वेगासाठी 'स्किप बफर इफेक्ट्स' चालू करू नका, अर्ध्या गेममध्ये पडद्याचे भाग गायब होतात. प्लेस्टेशन २ च्या एथरएसएक्स२ या एमुलेटरचं काम त्याच्या कर्त्याने जानेवारी २०२३ मध्ये थांबवलं. लोक आता त्याचीच डागडुजी केलेली नेदरएसएक्स२ वापरतात. प्रत्येक गेम वेगळा वागतो, आणि सगळे चालतील या आशेवर महाग यंत्र घेऊ नये.

गेमच्या मुखपृष्ठांची चित्रं, कोअर, फ्रंट-एंड (गेमची यादी दाखवणारं ॲप) हे सगळं वायफाय चांगलं असेल तिथेच उरकून घ्या. कोकण रेल्वेत रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. तिथे 'डाउनलोड' दाबून काय होणार? निघण्याआधी यंत्र विमान मोडवर टाकून प्रत्येक एमुलेटर एकदा उघडून बघावा. आवाज मात्र वायरच्या हेडफोनवरच. ब्लूटूथवर आवाज इतका मागून येतो की उडी मारल्यावर 'टुंग' ऐकू येईस्तोवर मारिओ खड्ड्यात.

आगोटीची तयारी

पापड-कुरड्यांचे डबे भरता तसाच यंत्राचाही एक डबा मे महिन्यातच करा. रबरी कडा आणि चारी बाजूंनी क्लिप असलेला ५ लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांवर हवा, ६० च्या वर गेला की जेल भाजायची वेळ झाली. नारंगी रंगाची जेल घ्या, ती ओली झाली की हिरवी होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते पोरांच्या हाताला नको. भाजायची ती ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. तांदळात पुरण्याचा उपाय विसरा. तांदूळ फारसं पाणी ओढत नाहीत आणि त्यांची भुकटी चार्जिंगच्या तोंडात जाऊन बसते.

खेळून झालं की यंत्र गरम असताना डब्यात टाकू नका. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि किंचित ओलसर, पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसून मग कोरड्या फडक्याने पुसा. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ निघत नाही, पसरतं. एसी डब्यातून उतरून लगेच फलाटावर यंत्र बाहेर काढलं तर थंड काचेवर आणि आत बोर्डावरही दव धरतं. झिपच्या पिशवीत बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या.

चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट-पांढरी पुटं दिसली तर चार्जर लावू नका. ओल्या मिठातून वीज गेली की गंज कैक पटींनी वाढतो. यंत्र बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून झटकलेल्या मऊ नायलॉन ब्रशने साफ करा आणि अर्धा तास वाळवा. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतेक पाणीच असतं, सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन, दोन्ही नकोत. आणि फुंकर मारू नका! कॅसेट फुंकून लावायची सवय एका अख्ख्या पिढीला आहे, पण फुंकरीने तेव्हाही पिनांवर थुंकीची ओलच बसायची.

विजेचं म्हणाल तर वळवाच्या आणि परतीच्या पावसात, गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतूनच काढा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. गेम बॉय ॲडव्हान्सला यंत्र ३ वॅट खात असेल तर सहा तास, प्लेस्टेशन २ ला ८ वॅट खात असेल तर सव्वादोन. १०००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, घट जाऊन २४-२५ हाती लागतात, म्हणजे एक सबंध चार्ज आणि वर पाव. महिनाभर वापरायचं नसेल तर बॅटरी ५० टक्क्यांवर ठेवून यंत्र बंद करा.

बटण दोनदा दाबल्यावर एकदा लागायला लागलं तर आतली रबराची गादी आणि बोर्डावरचे काळे ठिपके यांच्यामध्ये मिठाची पुटं आलीत. टीव्हीच्या रिमोटला होतं तेच. वॉरंटी संपलेली असेल तर उघडा. पहिलं काम मेमरी कार्ड बाहेर काढणं: ते राहिलं आणि कवच उघडलं तर कार्ड मधोमध मोडतं. कागदावर यंत्राचा आकार काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. कवच जुन्या सिमकार्डाच्या प्लॅस्टिकने उचकटा, बॅटरीचा जोड नखाने सोडवा. ठिपके अल्कोहोलच्या कापसाच्या काडीने हलके पुसा. रगडलंत तर काळा कार्बनच निघून येईल आणि बटण कायमचं गेलं. रबर साध्या पाण्याने धुऊन पंख्याखाली तासभर वाळवा, मग बसवा. स्क्रू लावताना आधी उलटा फिरवून 'टक्' असा आवाज आला की जुनी आटी सापडली, तिथून पुढे सुलटा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो थेट पडद्याला भिडतो, म्हणून जोर लागतोय असं वाटलं की थांबून कागदावर पुन्हा बघा.