विशेष दलातल्या मोठ्या अधिकाऱ्याचा परिचय लिहायचा असेल तर

लष्करात मी क्लार्क होतो. साहेब लोकांच्या सर्व्हिसचे कागद वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेले, त्यामुळे शाळेत किंवा गावच्या कार्यक्रमाला पॅराचे, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटचे, कुणी मोठे साहेब यायचे असले की सूत्रसंचालन करणारी मंडळी त्यांचा बायोडेटा घेऊन माझ्याकडे येतात. सोबत त्यांनी तयार केलेला मसुदा असतो, त्यात 'रणझुंजार', 'शत्रूचा कर्दनकाळ' असं बरंच काही. ते सगळं आधी खोडा. त्या एका पानात तुमच्या विशेषणांपेक्षा कितीतरी मोठा ऐवज असतो, फक्त तो लष्करी लघुरूपांत लिहिलेला असतो.

पहिल्यांदा नावामागची अक्षरं सोडवा. समजा पीव्हीएसएम, एव्हीएसएम, एससी, एसएम अशी रांग आहे. पहिली दोन म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक आणि अति विशिष्ट सेवा पदक. ही प्रदीर्घ, उत्तम सेवेची पदकं आहेत आणि बहुधा वरच्या हुद्द्यांवर मिळतात. एससी म्हणजे शौर्य चक्र. ते शौर्याचं. अशोक चक्र आणि कीर्ती चक्रानंतर शांतताकाळातला तिसरा सर्वोच्च शौर्य पुरस्कार. सरकारी मानक्रमात अति विशिष्ट सेवा पदक शौर्य चक्राच्या आधी येतं, म्हणून शौर्य चक्र रांगेत मागे राहतं आणि वाचणारा घाईत गिळून टाकतो. बहुतेक वेळा ते तरुणपणी, कॅप्टन किंवा मेजर असताना, गोळीबारात कमावलेलं असतं. परिचयात त्याला स्वतंत्र वाक्य द्या, आणि तेही सुरुवातीला. शेवटचं एसएम म्हणजे सेना पदक. ते शौर्यासाठीही मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही, अक्षरं मात्र तीच. साहेबांच्या स्टाफला फोन करून नेमकं विचारून घ्या. हा प्रश्न विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

मग पलटण बघा. मरून टोपी दिसली की लोक लगेच 'कमांडो' म्हणतात. ती टोपी सगळ्या पॅराशूट रेजिमेंटची आहे, आणि त्या रेजिमेंटमध्ये विमानातून उडी घेऊन लढणाऱ्या साध्या एअरबोर्न पलटणी वेगळ्या आणि स्पेशल फोर्सेसच्या वेगळ्या. कागदावर आकड्यापुढे 'पॅरा (एसएफ)' लिहिलं असेल तरच विशेष दल म्हणा. त्यांच्या छातीवर पंख लावलेल्या खंजिराचा बिल्ला असतो, त्यावर देवनागरीत 'बलिदान' लिहिलेलं. तो वशिल्याने मिळत नाही. स्वेच्छेने नाव द्यायचं, प्रोबेशन काढायचं, आणि नाही जमलं तर मुकाट्याने आपल्या मूळ पलटणीत परत जायचं. अधिकाऱ्यालाही हेच, जवानांच्या बरोबरीने.

पलटणीचा इतिहास एका वाक्यात सांगितला तर परिचयाला वजन येतं. 9 पॅरा कमांडो 1966 मध्ये उभी राहिली, 1965 च्या युद्धातल्या मेजर मेघ सिंग यांच्या मेघदूत फोर्स या छापामार तुकडीतून. 10 पॅराने डिसेंबर 1971 मध्ये लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या हाताखाली थरच्या वाळवंटातून जीपगाड्या घालून पाकिस्तानातल्या छाछरोवर छापा मारला. आणि 21 पॅरा (एसएफ) तर मूळची आपली 21 मराठा लाइट इन्फंट्री, 1996 मध्ये तिचं रूपांतर झालं. मराठी श्रोत्यांसमोर हे राहून गेलेलं मला अजिबात खपत नाही.

आता एक सर्व्हिस ओळीओळीने वाचून दाखवतो. कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. 'सैनिक स्कूल, सातारा' ही पहिली ओळ. '1998, 21 पॅरा (एसएफ)' ही दुसरी. म्हणजे कमिशन मिळालं तेच विशेष दलात. 'सेना पदक, 2003, ऑपरेशन ऱ्हायनो', म्हणजे ईशान्य भारतातली मोहीम आणि नोकरीची जेमतेम पाच वर्षं. मग 'कमांडिंग ऑफिसर, 41 राष्ट्रीय रायफल्स'. इथे वाचणारे गोंधळतात, की पॅराचा माणूस दुसऱ्याच पलटणीत कसा? राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे आरआर, हे लष्कराचं दहशतवादविरोधी दल, तिथे सगळ्या शाखांतून अधिकारी जातात, आणि 41 आरआर ही मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली. शेवटची ओळ 17 नोव्हेंबर 2015, कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी चकमक, मरणोत्तर शौर्य चक्र. सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, स्वतः पुढे होते. पाच ओळीच आहेत, पण तारखा आणि जागा नीट म्हटल्या तर सभागृहाला आणखी काही सांगावं लागत नाही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे चेन्नईच्या अकादमीतून प्रशिक्षण घेऊन 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या, हेही जरूर सांगा.

हुद्द्यांचं गणित माहीत असावं. 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, इथवर ठरलेल्या वर्षांनी बढती मिळते. त्यापुढे निवड मंडळ बसतं आणि बरेच चांगले अधिकारी तिथे थांबतात. म्हणून 'पलटणीची कमान केली' ही कागदावरची सर्वांत कोरडी ओळ माझ्या लेखी सर्वांत मोठी. छाछरोच्या वेळी पलटण लेफ्टनंट कर्नलकडे असायची, आता सीओ कर्नल असतो.

ब्रिगेडियर झाल्यावर मात्र सर्व्हिसचा रंग बदलतो. विशेष दलात वरच्या जागा थोड्या. त्यामुळे ब्रिगेड, डिव्हिजन, दिल्लीतलं मुख्यालय, वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, महूचा हायर कमांड कोर्स अशा नोंदी दिसू लागतात. 'छापे मारायचे ते ऑफिसात बसले' असं कुणीतरी म्हणतंच. तसं नाही हो. शंभर माणसं नकाशाच्या कुठल्या कोपऱ्यात उतरवायची आणि परत कशी आणायची, हे ज्याने स्वतः केलंय त्याने त्या टेबलावर असणं फार गरजेचं असतं. आणि फोटो 1 ऑगस्ट 2023 नंतरचा असेल तर मरून टोपी शोधू नका. तेव्हापासून ब्रिगेडियर आणि वरच्या सगळ्यांची टोपी, बिल्ले, पट्टा एकसारखे झाले.

एनएसजी, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्ड, ही नोंद असेल तर ती प्रतिनियुक्ती समजा. एनएसजी गृहमंत्रालयाखाली येते आणि तिथे पॅराबाहेरचेही लष्करी अधिकारी जातात. 26/11 च्या मुंबई हल्ल्यात एनएसजीकडून लढताना शहीद झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बिहार रेजिमेंटचे होते. मार्कोस हे नौदलाचे कमांडो, गरुड हवाई दलाचे. ही सरमिसळ टाळा.

साहेब नोकरीत असतील तर घर, मुलांची शाळा, सध्याची नेमकी जागा परिचयात नको. पुरस्काराच्या मानपत्रात जाहीर झालंय तेवढंच मोहिमेबद्दल बोला. 'सर्जिकल स्ट्राइकला होते म्हणे' असलं ऐकीव नको. निवृत्त असतील तर हुद्दा, नाव आणि नावानंतर कंसात 'निवृत्त'. परिचय दोन मिनिटांचा. मसुदा दोन दिवस आधी त्यांच्या स्टाफकडे पाठवा, आणि तिकडून एखादी ओळ कापून आली तर कारण न विचारता कापलेलीच राहू द्या.